टायमिंग गेटचा संच: रनिंग बॅकसाठी घ्यावा का, आणि कोणता?

अमेरिकेतल्या कॉलेजांत पानगळीच्या दिवसांत फुटबॉल आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत ट्रॅक (धावण्याच्या शर्यती) असं दोन्हीकडे धावणाऱ्या रनिंग बॅकसाठी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसाठी, टायमिंगचा संच घ्यायचा असेल, तर दोन किरणांचे तीन गेट (धावक मधून गेला की वेळ नोंदणारे), हाताखाली ठेवायचं एक स्टार्ट पॅड आणि आकडे दाखवणारा रिसीव्हर एवढं घ्यावं. त्याहून कमी घेऊ नये. दोन गेटच्या स्वस्त संचात 40 यार्डांच्या धावेच्या वेळेचा एकच आकडा मिळतो, आणि या उपकरणातला सगळ्यात कच्चा आकडा नेमका तोच असतो. पैसे वसूल होतात ते शेवटच्या 10 यार्डांच्या वेळेवर, ज्याला प्रशिक्षक फ्लाइंग टेन म्हणतात.

रचना साधी आहे. एका तिपाईवर इन्फ्रारेड किरण सोडणारा आणि पकडणारा डबा, समोरच्या तिपाईवर परावर्तक. किरण तुटला की रेडिओवरून रिसीव्हरकडे नोंद जाते. एक-किरणी गेटची अडचण अशी की किरण कशाने तुटला हे त्याला कळत नाही. स्प्रिंटरचा पुढे झेपावणारा हात छातीच्या बराच आधी रेषेवर पोहोचतो. एका गेटवर हाताने आणि दुसऱ्यावर धडाने किरण तुटला, की सेकंदाचे दोन-चार शतांश कुठून आले किंवा कुठे गेले याचा पत्ता लागत नाही. दोन-किरणी गेटमध्ये एकावर एक असे दोन किरण असतात आणि दोन्ही एकाच वेळी तुटले तरच वेळ नोंदली जाते. हात सहसा एकच तोडतो, धड दोन्ही तोडतं. काही एक-किरणी गेट सॉफ्टवेअरने सर्वांत लांब तुटलेला काळ शोधतात आणि त्याची सुरुवात धडाची मानतात. तेही चालतं, पण विकत घेण्याआधी ही सोय आहे का ते माहितीपत्रकात बघून घ्यावं. रनिंग बॅकची चाचणी चेंडू काखेत धरूनही घेतली जाते, तेव्हा एक-किरणी गेट आणखी गोंधळतं.

आता सुरुवातीचा भाग, जिथे बहुतेक लोक फसतात. थ्री-पॉइंट स्टान्समध्ये, म्हणजे दोन पाय आणि एक हात जमिनीला टेकवून, बसलेल्या खेळाडूचं डोकं आणि खांदे रेषेच्या वर आलेले असतात. पहिलं गेट थेट रेषेवर लावलं तर किरण आधीच तुटलेला असतो. म्हणून खेळाडूला 30-50 सेंमी मागे बसवतात, आणि तिथेच वेळ पळते. हिशेब करून बघा: सुरुवातीचं त्वरण साधारण 8 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर पहिले 30 सेंमी कापायला पाव सेकंदाहून किंचित जास्त लागतो. खेळाडू आधीच पुढे झुकलेला असल्याने प्रत्यक्षात तोटा इतका होत नाही, पण घड्याळ सुरू होण्याआधी तो हलायला लागलेला असतो एवढं नक्की. 40 यार्डांसाठी असं मोजलेलं 4.35 सेकंद आणि स्टार्ट पॅडवर मोजलेलं 4.35 एका वहीत एकाखाली एक लिहू नये.

स्टार्ट पॅड या बाबतीत बरं. हात पॅडवर दाबलेला असतो, उचलला की घड्याळ सुरू. पण त्यालाही फसवता येतं. काही जण हात जमिनीला चिकटवून ठेवत आधी कंबर पुढे ढकलतात आणि हात शेवटी सोडतात, म्हणजे काही शतांश फुकट मिळतात. हे मुद्दाम केलं जातं असंही नाही. बऱ्याचदा ती सवयच असते, आणि ट्रॅकवर स्टार्टिंग ब्लॉकवर बसल्यावर ती सवय खेळाडूच्याच मुळावर येते. उपाय एकच: पहिल्या पावलाचं चित्रीकरण फोनवर बाजूने करावं आणि कंबर हलणं व हात सुटणं यांतलं अंतर फ्रेम मोजून बघावं.

एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल लीगच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचणी शिबिरात, तर पद्धतच मिश्र आहे: सुरुवात माणूस हाताने करतो, खेळाडूची पहिली हालचाल दिसली की बटण दाबतो, आणि शेवट इलेक्ट्रॉनिक किरणावर होतो. दाबणाऱ्याची स्वतःची प्रतिक्रिया वेळ यात खेळाडूच्या बाजूने जाते. ख्रिस जॉन्सनचं 2008 मधलं 4.24, जॉन रॉसचं 2017 मधलं 4.22 आणि झेवियर वर्दीचं 2024 मधलं 4.21 हे सगळे आकडे असे आले आहेत. या तिघांत रनिंग बॅक एकटा जॉन्सन, आणि त्याने दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 2009 च्या मोसमात, चेंडू घेऊन 2,006 यार्ड धावून दाखवले. आकडे खोटे आहेत असं नाही, त्यांचं घड्याळ वेगळं आहे. ट्रॅकवर बंदूक वाजल्यापासून मोजतात, म्हणजे प्रतिक्रिया वेळ धावकाच्या खात्यावर पडते. बर्लिनला 2009 मध्ये उसेन बोल्टने 100 मीटरला 9.58 नोंदवले, तेव्हा त्याची प्रतिक्रिया 0.146 सेकंद होती, 30 मीटरला 3.78 आणि 40 मीटरला 4.64. 40 यार्ड म्हणजे 36.58 मीटर, तिथे तो साधारण 4.35 ला असणार. प्रतिक्रिया वजा केली की उरतं 4.20, तेही ब्लॉक आणि स्पाइक्सवर (खिळ्यांच्या बुटांवर). कम्बाइनचा 4.21 आणि हा 4.20 शेजारी ठेवून 'वर्दी बोल्टइतकाच वेगवान' म्हणणाऱ्याने घड्याळाची सुरुवात कुठे झाली ते विचारलेलं नसतं.

हातातल्या स्टॉपवॉचचं तर बोलायलाच नको. बो जॅक्सनच्या नावावर 1986 मधला 4.12 सांगितला जातो, तो हाताने घेतलेला. बॉब हेज, जो फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात हाफबॅक (रनिंग बॅकचाच प्रकार) होता आणि पुढे डॅलस काउबॉइज संघाकडे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, झाला, त्याने टोकियो 1964 ऑलिंपिकमध्ये रिलेचा शेवटचा टप्पा किती सेकंदांत धावला याचे अंदाज 8.5 पासून 8.9 पर्यंत आहेत. एकच धाव, आणि घड्याळांत तब्बल चार दशांशांचा फरक! शंभर मीटरसाठी हाताने घेतलेल्या वेळेत 0.24 मिळवून ती इलेक्ट्रॉनिकच्या जवळ आणण्याची पद्धत यातूनच पडली. ते 0.24 40 यार्डांना सरसकट लावणारे प्रशिक्षक आजही आहेत. त्यांनी गेटचा संच घ्यावा हेच उत्तम.

मग गेट कशासाठी चांगलं? फ्लाइंग टेनसाठी. 30 यार्डांवर एक गेट, 40 वर दुसरं, खेळाडू शून्यापासून स्वतःच्या मर्जीने निघतो. सुरुवातीची सगळी भांडणं बाद, कारण दोन्ही गेट एकाच प्रकारचे आणि एकाच उंचीवर. इथे आकडा थेट वेगात बदलतो. 10 यार्ड म्हणजे 9.144 मीटर. 1.00 सेकंद लागला तर ताशी 20.5 मैल, 0.95 ला 21.5, 0.90 ला 22.7. आता याची फुटबॉलशी सांगड घाला. एनएफएल खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, त्यावर रनिंग बॅक रहीम मोस्टर्टने 2020 च्या मोसमाच्या दुसऱ्या आठवड्यात जेट्स संघाविरुद्ध 80 यार्डांच्या धावेत ताशी 23.09 मैलांचा वेग नोंदवला. तो पर्ड्यू विद्यापीठाचा स्प्रिंटर, बिग टेन या कॉलेजांच्या स्पर्धागटात ट्रॅकवर जिंकलेला. 23.09 मैल म्हणजे सेकंदाला 10.32 मीटर, म्हणजे फ्लाइंग टेन सुमारे 0.89. पॅड आणि हेल्मेट घालून, चेंडू हातात असताना, मागे बचावपटू असताना.

या हिशेबातच उपकरणाची मर्यादाही दिसते. 0.90 आणि 0.92 यांत ताशी अर्धा मैल आहे. म्हणजे गेट दोन शतांशाने चुकलं, तर महिन्याभराची सुधारणा गायब होते किंवा नसलेली सुधारणा दिसते. त्यामुळे एका दिवसाच्या एका धावेवर निष्कर्ष काढू नये. तीन धावा घ्याव्यात, मध्ये चार-पाच मिनिटं पूर्ण विश्रांती द्यावी आणि मधली वेळ धरावी. वाऱ्याचा वेग गेट सांगत नाही. ट्रॅकवर सेकंदाला 2.0 मीटरपर्यंतचा मागचा वारा विक्रमासाठी मान्य असतो, तेव्हा मैदानावर मागून वारा असला तर तो वहीत लिहून ठेवावा, आणि जोराचा असला तर चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी.

तिसरं गेट 10 यार्डांवर लावायचं. पॅड ते 10 यार्ड हा आकडा रनिंग बॅकच्या कामाचा, 30 ते 40 हा स्प्रिंटरच्या. दोन्ही एका धावेत मिळाले की खरी गोष्ट कळते. वजन वाढवणाऱ्या बॅकचा पहिला 10 तसाच राहतो किंवा थोडा सुधारतोही, पण फ्लाइंग टेन हळूहळू जड होत जातो. नुसत्या 40 च्या आकड्यात हे लपून जातं, कारण सुरुवातीला कमावलेलं शेवटी गमावलेल्याला झाकतं. उलट ट्रॅकच्या मोसमातून परत आलेल्याचा शेवटचा टप्पा चमकतो आणि पहिला 10 सुस्त असतो. त्याला ब्लॉकशिवाय, क्लीट्स (फुटबॉलचे बूट) घालून निघायची सवय मोडलेली असते.

जेफ डेम्प्ससारख्याच्या बाबतीत हा फरक किती मोठा असेल याचा विचार करा. फ्लोरिडा विद्यापीठाचा हा रनिंग बॅक 2008 च्या ऑलिंपिक निवड चाचण्यांत यूजीनला 100 मीटर 10.01 मध्ये धावला, तेव्हा तो ज्युनियर विश्वविक्रम होता. लंडन 2012 च्या रिले पथकात तो होता आणि रौप्यपदक मिळालं, पुढे पथकातल्याच टायसन गेच्या डोपिंग प्रकरणामुळे ते काढून घेतलं गेलं. असा वेग असूनही एनएफएलमध्ये त्याची कारकीर्द लांबली नाही. जाहविद बेस्टचं उलटं. डेट्रॉईट लायन्सकडून धावताना डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे फुटबॉल संपलं आणि रिओ 2016 मध्ये तो सेंट लुशियातर्फे 100 मीटर धावला, वेळ 10.39. हर्शेल वॉकर या रनिंग बॅकने तर 1992 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ढकलली. तिथे स्लेज साधारण 15 मीटर पळवून झाल्यावरच घड्याळ सुरू होतं, आणि पुढच्या 50 मीटरची वेळ नोंदतात. फ्लाइंग स्टार्टच हा, फक्त बर्फावरचा.

उभारणीकडे येऊ. पोलादी टेप वापरावी, कापडी टेप ताणते. फुटबॉल मैदानावरच्या यार्डाच्या रेषा 4 इंच रुंद असतात. एक गेट रेषेच्या अलीकडच्या कडेला आणि दुसरं पलीकडच्या कडेला लावलं की 10 सेंमी इथेच गेले. 10 यार्डांच्या टप्प्यात ते एक टक्क्याहून जास्त, म्हणजे एक शतांश. नेहमी एकच कड धरावी. किरणाची उंची कमरेच्या पातळीला, सगळ्या गेटवर सारखी, जमिनीपासून मोजून. नजरेच्या अंदाजाने लावलेलं गेट उतार असलेल्या मैदानावर हमखास चुकतं. 10 यार्डांवर रनिंग बॅक अजून झुकलेला असतो, त्यामुळे तिथे छातीच्या पातळीवर गेट लावलं तर डोकं किंवा खांदा आधी लागतो. गेटची रुंदी दोन मीटर पुरते. जास्त ठेवली तर खेळाडू तिरपा धावतो आणि दोन गेटमधलं अंतरच वाढतं.

बिघाडांबद्दल. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना डब्याचं तोंड त्याच्याकडे असेल तर किरण सारखा तुटल्यासारखा वाटतो. डबा आणि परावर्तक यांची बाजू बदलली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. हलक्या तिपाया वाऱ्यात थरथरतात, परावर्तकावरून किरण सरकतो आणि वाटेल तेव्हा नोंद होते. तिपाईच्या मधल्या हुकाला वाळूची पिशवी लटकवावी. धाव संपवून परत चालत येणारे सहकारी गेटमधून जातात, हा तर रोजचाच प्रकार. परतीची वाट बाजूने आखून द्यावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि कमी झालेली बॅटरी गेट बंद करण्याऐवजी कधी कधी नुसता संदेश उशिरा पाठवते, जे जास्त वाईट, कारण आकडा खराखुरा दिसतो. सत्राआधी प्रत्येक गेट हाताने तोडून रिसीव्हर लगेच वाजतो का ते बघायचं.

पर्याय दोन. एक, कमरेला बांधायची चिप आणि जमिनीवर ठेवायचे चुंबकीय ट्रान्समीटर. हात-धडाचा घोळ यात नाही, तिपाया नाहीत, एकामागून एक खेळाडू सोडता येतात, त्यामुळे मोठ्या गटासाठी हेच सोयीचं. मात्र चिप ट्रान्समीटरच्या थोडं आधीच नोंद घेते, त्यामुळे फ्लाइंग टप्प्यात दोन्हीकडची चूक एकमेकांना खाते, पण पॅडवरून सुरुवात केली तर खात नाही. तिथे माहितीपत्रकात दिलेलं अंतर पाळून ट्रान्समीटर सरकवावे लागतात, आणि बरेच लोक ते विसरतात. दोन, फोन. सेकंदाला 240 फ्रेमचं चित्रीकरण बाजूने घेतलं तर एक फ्रेम म्हणजे 0.004 सेकंद, पण कॅमेरा रेषेच्या सरळ समोर नसेल तर कोनामुळे येणारी चूक त्याहून कितीतरी मोठी असते. एकट्या खेळाडूला, पैसे कमी असताना, दोन्ही रेषांपाशी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना उभ्या काठ्या रोवून आणि फोन तिपाईवर मधोमध ठेवून, जवळच्या काठ्या दूरच्या काठ्यांना झाकतील अशी मांडणी केली तर फ्लाइंग टेनसाठी हे चांगलं चालतं.

घेताना विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा: पुढे चौथं गेट जोडता येईल का? आलं तर ते 20 यार्डांवर लावा. 10 ते 20 हा टप्पा बॅकला मोकळं रान मिळाल्यावरचा पहिला झपाटा दाखवतो. पण ते नंतर. आधी तीन गेट आणि पॅडवर एक पूर्ण मोसम काढावा, आणि पहिल्या दिवशीची उंची, अंतरं व सुरुवातीची पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहून पुढे तीच कायम ठेवावी.