व्हीलचेअर सेवा : मायला विमानात बसवणाऱ्या पोरांबद्दल

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर, दारव्हा तालुक्यातला. मे महिन्यात 78 वर्षांच्या मायला बहिणीकडून परत आणताना विमानतळावर व्हीलचेअर घेतली. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरांच्या पोटावर पाय यायला नको.

खुर्ची यायला 40 मिनिटं लागली. मी तापलोच होतो. मग दिसलं, एकच पोरगा तीन म्हाताऱ्यांना आळीपाळीनं नेत होता. दंडाला काळी फीत. "काका, माणसंच कमी हायेत. ठेका बदलला, आमालेच घेतलं, पण जुनी सर्व्हिस धरली नाही." करार रखडला, प्रकरण लवादाकडे, म्हणजे वाद ऐकून निवाडा देणाऱ्याकडे गेलं, निवाड्याची वाट पाहणं चालू आहे.

विमान लांब उभं होतं. उन्हात खुर्चीचं पाय ठेवायचं लोखंड तापलेलं, आणि मायचे पाय सुजलेले म्हणून चप्पल हातात. पोरानं आपल्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, रुमाल घडी करून त्या लोखंडावर टाकला आणि मग तिचे पाय एकेक उचलून वर ठेवले. माय म्हणाली, "तुया रुमाल खराब झाला ना, बाबू." "वायते ना आजी, दोन मिनिटात."

2021-22 च्या संपात मी आगाराच्या गेटवर बसलो होतो. एसटीचं सरकारात विलीनीकरण झालं नाही. उच्च न्यायालयानं 22 एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं आणि आम्ही गेलो. पगाराविना घर कसं चालतं ते चांगलं ठाऊक आहे. पण आम्ही निदान गेटवर बसलो तरी. ह्या पोरांना तेही नाही: प्रकरण लवादाकडे दिल्याची सरकारी अधिसूचना निघाली, की निवाडा लागून 60 दिवस होईपर्यंत कायद्यानं संप करता येत नाही. म्हणजे ह्या पोरांनी तीन माणसांचं काम एकट्यानं ओढायचं आणि वर उशिराच्या शिव्याही खायच्या. मला हे फार लागलं.

गावाकडून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढं करा. खुर्चीला पैसे लागत नाहीत, पण तिकीट काढतानाच सांगून ठेवा. चालता येतं पण पायऱ्या चढता येत नसतील, तर तिकिटावर 'डब्ल्यूसीएचएस' टाकून घ्या. नुसतं 'डब्ल्यूसीएचआर' असलं तर माणूस पायऱ्या चढतो असं धरतात, आणि वर उचलून नेणारी अँबुलिफ्ट ऐनवेळी मिळेलच असं नाही. आमच्या तिकिटावर बहिणीनं बरोबर टाकलं होतं, म्हणून माय एकही पायरी न चढता आत गेली.

पोरांना पाचपैकी पाच. ठेकेदाराला एक. ॲपवर तारे देताना उशीर त्या पोरांच्या नावावर टाकू नका; 'माणसं कमी होती' असं स्पष्ट लिहा.

दिवाळीत मायला पुन्हा तिकडे सोडायचं आहे. तो पोरगा भेटला तर आधी निवाड्याचंच विचारीन. मायनं त्याच्यासाठी नवा रुमाल आणून ठेवला आहे.