स्वतःची निविदा की मोठ्या सल्लागाराच्या हाताखाली?

शहराच्या पायाभूत कामांचं डिझाइन मिळवायला छोट्या अभियांत्रिकी फर्मपुढे दोन वाटा असतात: स्वतः निविदा भरणं किंवा मोठ्या सल्लागाराची उपसल्लागार होणं.

स्वतः भरायची तर आधी पात्रता आडवी येते. उलाढाल, तशाच कामांचा अनुभव, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), व्यावसायिक दायित्व विमा (डिझाइनमधल्या चुकीची भरपाई देणारा). तांत्रिक प्रस्ताव आणि दर या दोन्हींना गुण असतील तर छोटी फर्म टक्कर देऊ शकते, कारण सादरीकरणाला आलेला अभियंताच पुढे नकाशांवर बसणार असतो. निवड फक्त सर्वांत कमी दरावर असेल तर लांबच राहावं. दर पाडून घेतलेल्या कामात पहिली कात्री लागते ती सर्वेक्षण आणि माती परीक्षणाला.

उपसल्लागाराला कागदपत्रांचा ताप कमी. पण त्याचं बिल बहुतेक वेळा मुख्य सल्लागाराला पैसे मिळाल्यावरच निघतं. आणि अनुभवाचा दाखला? तो देण्याची अट करारात नसेल तर पुढच्या निविदेला जोडायला हाती काहीच नाही. माझ्या मते फीची घासाघीस नंतर, ही अट आधी.

पदपथ, पर्जन्यवाहिन्या, रस्त्याखालच्या मोऱ्या यांसाठी स्वतंत्र निविदाच बरी. मलनिस्सारण प्रकल्पासारख्या अनेक शाखांच्या कामात मात्र आपल्या शाखेपुरतं उपसल्लागार व्हावं.