एक्स-मेन वाचायला घेताय? आधी 'डार्क फीनिक्स' की 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स'?

सिनेमे पाहून एक्स-मेनची, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या 'म्युटंट' माणसांच्या चमूची, गोडी लागली की पुढचा प्रश्न येतो, कॉमिक वाचायचं तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण डोळे मिटून 'द डार्क फीनिक्स सागा'चं नाव घेतात. ती थोर आहे यात वाद नाही. तरीही पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या हातात मी ती देत नाही.

ही कथा १९८० सालची, 'अनकॅनी एक्स-मेन'च्या अंक १२९ ते १३८ मधली. लेखक क्रिस क्लॅरमाँट, चित्रकार आणि सहरचनाकार जॉन बर्न. एक्स-मेनमधल्या जीन ग्रेची शक्ती वाढत जाते, हेलफायर क्लब या गुप्त टोळीतला मास्टरमाइंड नावाचा खलनायक तिच्या मनाशी खेळतो आणि बांध फुटावा तशी ती सुटते, डार्क फीनिक्स होते. अंक १३५ मध्ये भूक भागवायला ती एक तारा गिळून टाकते. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर अब्जावधी जीव असतात. काही चौकटींत सगळं संपतं.

या कथेचा शेवट मुळात वेगळा होता. जीनची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जगू द्यायचं, असं ठरलं होतं. एवढा संहार करून ती इतक्या स्वस्तात सुटू शकत नाही, असं प्रकाशक मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी बजावलं आणि अंक १३७ नव्याने रचावा लागला. चंद्रावर, तिचा प्रियकर आणि एक्स-मेनचा म्होरक्या स्कॉट याच्या डोळ्यांदेखत जीन मरते. मूळ शेवट पुढे १९८४ मध्ये वेगळा छापला गेला.

पण हा घाव बसायला जीन आधी आपली व्हावी लागते. क्लॅरमाँट १९७५ पासून ही माणसं घडवत होता. त्यांची भांडणं, स्कॉटचा अबोला, जीनची धास्ती हे सगळं वाचकाने महिनोन् महिने सोबत काढलेलं होतं. एकदम १२९ वर उडी मारली तर भव्य प्रसंग दिसतात, गलबलून मात्र येत नाही. २००६ आणि २०१९ अशा दोन सिनेमांनी हीच कथा घेतली, आणि दोन्हींना हा सहवासच कमी पडला असं मला वाटतं.

'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स'ला ही अडचण नाही. १९८२ चं हे स्वतंत्र पुस्तक. लेखक पुन्हा क्लॅरमाँट, चित्रं ब्रेंट अँडरसनची. पहिल्याच पानांवर रात्रीच्या वेळी दोन लहान भावंडांना निव्वळ ती म्युटंट आहेत म्हणून गोळ्या घातल्या जातात आणि शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याला लटकवलं जातं. एक्स-मेनचा जुना शत्रू, स्वतःही म्युटंट असलेला मॅग्नेटो येतो आणि सकाळी इतर मुलांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांना खाली उतरवतो. हा माणूस असा का झाला, ते एवढ्यावरून कळतं.

शेवटी म्युटंटांचा द्वेष करणारा धर्मोपदेशक स्ट्रायकर भरल्या सभेत एक्स-मेनमधल्या निळ्या, शेपटीवाल्या नाइटक्रॉलरकडे बोट दाखवतो आणि याला माणूस म्हणता का, असं विचारतो. चमूतली किशोरवयीन किटी प्राइड ठामपणे उत्तर देते की तुमचा देव आणि माझा मित्र यांतलं एकच निवडायचं असेल तर मी मित्र निवडते. तो पिस्तूल तिच्यावर रोखतो. एक्स-मेन म्हणजे काय, ते या एका प्रसंगात आहे. पुस्तकात दोषही आहेत. भाषणं लांबतात, आणि किटीच्या तोंडची एक वांशिक शिवी आज फारच खटकते.

हाताशी तासभरच असेल तर 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' घ्या. १९८१ चे अंक १४१ आणि १४२, बस्स. सेंटिनेल यंत्रमानवांच्या टाचेखालचं २०१३ साल आणि तिथून भूतकाळात पाठवलेलं किटीचं मन. २०१४ च्या सिनेमात हे काम चमूतल्याच वुल्व्हरीनला दिलं होतं. वेग जबरदस्त आहे, फक्त माणसं समजून घ्यायला सवड मिळत नाही.

चित्रांचं म्हणाल तर बर्नच्या रेषेला, त्यावर टेरी ऑस्टिनची शाई चढली की, तोड नाही. अंक १३२ च्या शेवटी गटाराच्या पाण्यातून डोकं वर काढणारा वुल्व्हरीन एकदा पाहिला की विसरत नाही. अँडरसनची माणसं खरबरीत, घामेजलेली आहेत, आणि त्या कथेला तीच शोभतात.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर 'गॉड लव्ह्ज' घ्या. ते आवडलं तर १९७५ च्या 'जायंट-साइज एक्स-मेन' क्रमांक १ कडे जा, मग अंक ९४ पासून ओळीने वाचत १३७ गाठा. ४४ अंक होतात. रोज दोन वाचले तर साधारण तीन आठवड्यांत तुम्ही चंद्रावर, जीनच्या समोर असाल.