९२११-८आय कार्ड: नागपूरच्या उन्हाळ्यात कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

लग्नाचं शूटिंग हा माझा व्यवसाय. एका लग्नाचा रॉ डेटा शे-दीडशे जीबी सहज होतो, आणि अल्बम देऊन दोन वर्षं झाली तरी "दादा, हळदीचे फोटो आहेत का अजून?" म्हणून फोन येतो. 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये यासाठी मानेवाड्याच्या घरी झेडएफएसवर (डिस्कवरचा डेटा सांभाळणाऱ्या फाइल सिस्टमवर) चालणारा सर्व्हर ठेवलाय. त्यातल्या ८ हार्ड डिस्क चालतात एलएसआय कंपनीच्या ९२११-८आय कार्डावर, म्हणजे मदरबोर्डात खोचून जास्तीच्या डिस्क जोडायच्या कार्डावर. सीताबर्डीत सर्व्हरचे जुने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून घेतलं, ४ टीबीच्या नव्या डिस्कच्या निम्म्याहून कमी पैशांत.

पण आधी हे सांगतो. तुमच्या डिस्क मदरबोर्डच्या पोर्टवर भागत असतील तर कार्ड घेऊ नका. बोर्डावरचा साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) सेकंदाला ६०० एमबीपर्यंत जातो, हार्ड डिस्क दोनशे-अडीचशेच्या आसपासच थकते. कार्ड लावून वेग वाढत नाही, फक्त जागा वाढते.

मात्र पोर्ट मोजताना बोर्डाचं मॅन्युअल उघडा, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. माझ्या बोर्डावर पोर्ट ६ आहेत, पण दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडी थेट बोर्डावर बसवायच्या खाचेत) एसएसडी बसवली की पाचवा आणि सहावा बंद होतो. बऱ्याच बोर्डांवर अशीच वाटणी असते. म्हणजे हातात उरले ४, आणि मला हवे होते ८.

दोन-चारच पोर्ट कमी पडत असतील तर एएसएम११६६ चिपचं साधं कार्ड बघा. ६ पोर्ट मिळतात, वीज थोडी खातं, तापतही कमी. अगदी स्वस्तातली, एकाच पोर्टच्या चार वाटण्या करणारी कार्डं मात्र टाळा. माझ्या एका मित्राकडे तसलं कार्ड होतं. रोजची कॉपी-पेस्ट ठीक चालायची, पण स्क्रब (सगळा डेटा वाचून चुका शोधणारी झेडएफएसची तपासणी) लागला, सगळ्या डिस्क एकदम वाचायला लागल्या, की एखादी डिस्क यादीतूनच गायब.

९२११ मध्ये हा त्रास नाही, म्हणून मला ते आवडतं. एसएएस२००८ चिप, पीसीआय एक्सप्रेस २.० च्या ८ लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा). माझ्या बोर्डावर ते बसलंय खालच्या लांब स्लॉटमध्ये. तो दिसतो १६ लेनचा, आतून ४ चा. तरी सेकंदाला २ जीबीची वाट मिळते आणि आठही डिस्कला पुरते. घेताना एकच गोष्ट दुकानातच तपासून घ्या: फर्मवेअर आयटी मोडचं आहे का. आयटी मोडमध्ये कार्ड मध्ये लुडबुड करत नाही. प्रत्येक डिस्क झेडएफएसला थेट दिसते, स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहितीही नीट येते. माझ्या फर्मवेअरची आवृत्ती २०.००.०७.०० आहे.

आता खरा मुद्दा, उष्णता. ही कार्डं बनली सर्व्हरसाठी, जिथे पंखे समोरून सतत जोरात हवा मारतात. घरच्या कॅबिनेटमध्ये तेवढी हवा नसते. दुकानदार म्हणाले, "भाऊ, हे गरम होऊनच राहते. पंखा लावल्याशिवाय चालवू नका." हे शब्द मी गांभीर्याने घेतले. या गावात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दुपारी लाइट गेली की कूलर बंद, पण इन्व्हर्टरवर सर्व्हर चालूच. अर्ध्या तासात खोली भट्टी होते. म्हणून हीटसिंकच्या डोक्यावर ४० मिमीचा पंखा झिप टायने आवळलाय, आणि कॅबिनेटच्या तळाशी १२० मिमीचा दुसरा. छोट्या पंख्याची बारीक शीळ रात्री ऐकू येते, पण ती मला मान्य आहे. स्क्रबही उन्हाळ्यात पहाटे तीनला लावतो.

विजेचाही हिशेब धरा. कार्ड साधारण १० वॉट घेतं, म्हणजे महिन्याला सात युनिट, शिवाय पंखे. चार डिस्कवाल्या घराने हा भार का उचलावा?

एसएसडी मी बोर्डाच्या पोर्टवरच ठेवल्यात, कारण या कार्डातून ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली हे एसएसडीला कळवणारी सूचना) सगळ्याच एसएसडींना पोचत नाही. आणि केबल घेताना 'फॉरवर्ड ब्रेकआउट' असंच सांगा. एका टोकाला कार्डात बसणारं एसएफएफ-८०८७ तोंड, दुसऱ्या टोकाला साटाची चार तोंडं. रिव्हर्सवाली हुबेहूब तशीच दिसते, पण ती बोर्डाच्या पोर्टवरून बॅकप्लेनकडे (सर्व्हरमध्ये डिस्क ज्यात खोचतात त्या पट्टीकडे) जायला असते; या कार्डाला लावली तर एकही डिस्क दिसणार नाही आणि तुम्ही कार्डालाच दोष देत बसाल.