गर्भनिरोधक गोळ्यांचे अभिप्राय : तारे किती खरे?

औषधे घरपोच देणाऱ्या ॲपवर एखाद्या गर्भनिरोधक गोळीचे नाव टाकले की खाली जे अभिप्राय येतात, त्यांतले बरेचसे गोळीविषयी नसतातच. ‘पॅकिंग उत्तम’, ‘दुसऱ्या दिवशी मिळाली’, ‘मिसेससाठी मागवली, धन्यवाद’ अशा वाक्यांना पाच तारे मिळालेले असतात आणि त्यांच्या खालोखाल ‘चेहऱ्यावर वांग आले, वजन वाढले, कोणीही घेऊ नका’ या तक्रारीला एक. दोन्हींची सरासरी काढून ॲप जो आकडा दाखवते, तो कुरिअरवाल्याचा आहे की गोळीचा, हे ठरवणे अवघड आहे. तरीही सोलापुरात हे अभिप्राय मनापासून वाचले जातात, कारण पेठेतल्या मेडिकलवाल्याकडूनच सासऱ्यांची बीपीची गोळी येते, त्याला घरातले सगळे ओळखतात, आणि त्याच्यासमोर या विषयावर दोन प्रश्न विचारण्यापेक्षा मोबाइलवर शोधणे कितीतरी सोपे वाटते. म्हणून या परीक्षणासाठी मी गोळीऐवजी तिचे अभिप्रायच घेतले आहेत आणि ते पारखण्यासाठी समोर सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी दोन पाकिटे ठेवली आहेत : माला-एन आणि छाया.

पहिला घोळ नावांचा आहे. माला-एनच्या २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन) आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेन) असते. उरलेल्या ७ लोहाच्या असतात. दुकानात मिळणाऱ्या माला-डीमध्ये आणि त्याहून बऱ्याच महाग ओव्हरल-एलमध्येही हार्मोनचे घटक आणि त्यांचे प्रमाण हेच आहे. असे असताना एकीला ‘स्वस्त आहे म्हणून त्रास होतो’ आणि दुसरीला ‘डॉक्टरांनी दिलेली, एकदम सौम्य’ असे अभिप्राय मिळत असतील, तर त्यांत किमतीचा आणि विश्वासाचा वाटा मोठा आहे, असेच मानावे लागते. अभिप्राय वाचण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचावी आणि मग एकाच घटकाच्या सगळ्या नावांखालचे अभिप्राय एकत्र पाहावेत. नोव्हेलॉनमध्ये डेसोजेस्ट्रेल आहे, काही महाग गोळ्यांत ड्रॉस्पिरेनोन आहे. तिथे तुलना खरोखर वेगळ्या औषधाशी होते.

लोहाच्या त्या ७ गोळ्यांविषयीचे अभिप्राय मला सर्वांत उपयोगी वाटले, मात्र लिहिणाऱ्यांना अभिप्रेत नव्हते अशा अर्थाने. ‘शेवटच्या गोळ्या कामाच्या नाहीत, मी टाकून देते’ असे लिहिणाऱ्या काही जणी पुढच्याच ओळीत नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाल्याचे सांगतात. गर्भ राहू नये हे काम त्या ७ गोळ्या करत नाहीत, हे खरेच आहे. पण रोजची सवय त्या मोडू देत नाहीत, आणि हार्मोनशिवायचे दिवस सातापेक्षा वाढले की बीज सुटण्याची शक्यता वाढते. ‘गोळी घेऊनही राहिले’ अशा एकताऱ्याच्या तक्रारींपैकी किती या फटीतून येतात, हे अभिप्रायावरून कळत नाही, कारण गोळी चुकली होती का, हा रकाना तिथे नसतो. अचूक घेतल्यास वर्षभरात १०० पैकी एकीहूनही कमी जणींना गर्भ राहतो. प्रत्यक्षात विसरभोळेपणासह घेतल्यास सुमारे ७ जणींना राहतो. या दोन आकड्यांमधले अंतर गोळीपेक्षा आपल्या रात्रीच्या जेवणानंतरच्या सवयीवर जास्त अवलंबून आहे. एखादी गोळी चुकली तर आठवताच ती घ्यावी; लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधचाही वापर करावा.

यानंतर पाहायची ती लिहिणारीने गोळी किती काळ घेतली ही गोष्ट. मधेच डाग पडणे, मळमळणे, छाती जड होणे हे त्रास पहिल्या तीन महिन्यांत सर्रास होतात आणि बहुतेकींच्या बाबतीत त्यानंतर कमी होतात. संतापून लिहिलेला अभिप्राय मात्र बहुधा याच काळातला असतो; ज्यांची पाळी चौथ्या महिन्यापासून नियमित झाली, अंगावरून जाणे कमी झाले, त्या पुन्हा ॲप उघडून लिहायला येत नाहीत. ‘दोन पाकिटे घेतली आणि बंद केली’ या अभिप्रायाला मी खोटे म्हणणार नाही, पण त्यावरून वर्षभराचा अंदाज बांधणार नाही.

वजनाचे काय? बहुतेक तक्रारी याच आहेत. आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता या गोळ्यांमुळे वजनात मोठी वाढ होते, असा पुरावा मिळालेला नाही. लग्नानंतरच्या किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षांत वजन तसेही हलते आणि गोळीही नेमकी तेव्हाच सुरू होते. मनःस्थितीच्या तक्रारी मात्र मी याच खात्रीने बाजूला सारणार नाही. डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्मोनची गर्भनिरोधके घेणाऱ्यांमध्ये नैराश्यावरील औषधे सुरू होण्याचे प्रमाण थोडे अधिक आढळले, आणि किशोरवयीन मुलींमध्ये हा संबंध अधिक ठळक होता. गोळी हेच कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण ‘उगाच रडू येते’ असे लिहिणारीला ‘मनाचे खेळ’ म्हणून उत्तर देणाऱ्या टिप्पण्या मला अनाठायी वाटल्या.

सर्वांत फसवे पाच तारे संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीला मिळतात. ‘७२ तासांच्या आत घेतली, पाचव्या दिवशी पाळी आली, शंभर टक्के काम करते’ असे छातीठोकपणे लिहिलेले असते. एका वेळच्या संबंधातून गर्भ राहतोच असे नाही, त्यामुळे गोळी न घेताही यांतल्या बऱ्याच जणींची पाळी आलीच असती. शिवाय गोळीनंतर काही दिवसांनी जाणारे रक्त पाळीचेच असेल, याचीही खात्री नसते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची ही गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी चांगली, आणि पाळी एका आठवड्याहून अधिक लांबली तर तपासणी करावी. अभिप्रायांमध्ये हे दुसरे वाक्य क्वचितच सापडते.

आणखी एक गल्लत आपल्या भागात फार दिसते. संक्रांतीची गड्डा यात्रा, नवरात्रातली तुळजापूरची वारी किंवा घरचे गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मागणी येते. त्यासाठी सहसा नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिले जाते, काही दिवसांपुरते. तिचे अभिप्राय ‘हार्मोनची गोळी’ म्हणून गर्भनिरोधकांच्या चर्चेत मिसळतात, आणि अशा प्रकारे घेतलेली ती गोळी गर्भ टाळते, असा समजही त्यातून पसरतो. ती तशी टाळत नाही. (यात्रेसाठी पाळी ढकलावी की नाही, हा वाद वेगळा आहे; इथे तो उकरत नाही.)

छायाचे अभिप्राय वेगळ्या चष्म्याने वाचावे लागतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले सेंटक्रोमॅन १९९१ साली सहेली या नावाने बाजारात आले आणि तेच औषध आज सरकारी दवाखान्यात छाया म्हणून मिळते. त्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ती घ्यायची असते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. तिच्यावरची नेहमीची तक्रार म्हणजे ‘पाळी पुढे गेली, घाबरून बंद केली’. पाळी लांबणे हा या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे. ठरलेल्या तारखेपासून १५ दिवसांहून अधिक उशीर झाला तर गर्भ नाही ना, हे पाहून घ्यावे. ही गोष्ट पाकीट देतानाच सांगितली गेली असती, तर हे एकताऱ्याचे अभिप्राय लिहिले गेलेच नसते.

शेवटी ज्या गोष्टीबद्दल अभिप्राय काहीच सांगू शकत नाहीत, ती म्हणजे रक्ताची गुठळी. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींना, माला-एनसारखी लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इस्ट्रोजेनची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनोनच्या गोळीवर ९ ते १२ जणींना हा त्रास होतो. इतकी दुर्मीळ गोष्ट काही शे अभिप्रायांत बहुधा दिसणारच नाही, आणि दिसली नाही म्हणून ती नाही, असे होत नाही. त्वचा छान झाली म्हणून पाच तारे मिळवणारी महाग गोळी या एका बाबतीत फुकटच्या माला-एनपेक्षा मागे आहे, हे कोणत्याही ॲपवरून कळले नसते. बीपी वाढलेले असेल, डोळ्यांसमोर चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी असेल, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान असेल किंवा बाळंतपणाला थोडेच आठवडे झाले असतील, तर इस्ट्रोजेनची गोळी तिला कितीही तारे असले तरी घेऊ नये. टीबीवरचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधे चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. त्याविषयी आशाताई किंवा डॉक्टरांना आधी सांगावे. एका पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागला, छातीत कळ आली किंवा धाप लागली, तर अभिप्राय शोधत बसू नये, थेट सिव्हिल गाठावे.

ॲपवरच्या ताऱ्यांना माझ्याकडून पाचपैकी दोन. माला-एनला चार, एक कापला तो पाकिटासोबत बीपी मोजून मिळण्याची खात्री प्रत्येक ठिकाणी देता येत नाही म्हणून.