फ्लॅट मेथड फीडर: कार्पच्या तळ्यावरच्या सामन्यात काय देतो, कुठे कमी पडतो

इंग्लंडमध्ये कार्पच्या तळ्यावर गळाच्या सामन्याला उतरायचं आहे, पण शेकडो, प्रसंगी हजारो पौंडांचा लांब पोल (रीळ नसलेली लांबच लांब काठी) लगेच घ्यायचा नाही. अशा माणसाने पहिली खरेदी कशाची करावी? आमचं उत्तर आहे इनलाइन फ्लॅट मेथड फीडर, म्हणजे गळाशेजारी तळावर खाऊ पोचवणारं चपटं वजन, आणि त्यात खाऊ दाबून बसवायचा त्याच कंपनीचा साचा. काही पौंडांची ही वस्तू आहे. पाच-सहा तासांच्या सामन्यातले पहिले चार तास ती नव्या माणसालाही मुरलेल्यांच्या जवळपास ठेवू शकते. शेवटच्या तासात मात्र तिचा जोर ओसरतो, तो कसा ते पुढे येईलच. पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचे दाणे, नीट भिजवले नाहीत तर महागातला महाग फीडरही वाया जातो.

सामन्याची रीत थोडक्यात अशी. तळं खासगी असतं आणि त्यात कार्प मुद्दाम सोडलेले असतात. हाच मासा महाराष्ट्रातल्या तळ्याधरणांत सायप्रिनस म्हणून ओळखला जातो. सकाळी चिठ्ठी काढून पेग, म्हणजे बसायची जागा ठरते. इशारा झाला की सगळे एकदम गळ टाकतात आणि शेवटी ज्याच्या जाळ्यात राखलेल्या माशांचं वजन जास्त तो पुढे. मासे वजन करून परत पाण्यात सोडतात, घरी नेता येत नाहीत. तळ्याचं तिकीट काढलं तरी १३ वर्षांपुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा रॉड परवाना लागतोच. १६ वर्षांपर्यंत तो मोफत आहे, पण काढावा लागतो.

आता वस्तू पाहू. खाली शिशासारखं जड, चपटं बूड आणि वर प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या. या पट्ट्यांमध्ये ओले पेलेट दाबून बसवायचे. वजन बुडात असल्यामुळे फीडर पाण्यात पालथा पडत नाही, बूड चिखलावर आणि खाऊ वर असाच बसतो. मुख्य दोर फीडरच्या पोटातून जातो म्हणून इनलाइन. त्याच्या टोकाला जेमतेम १० सेंटिमीटरचा गळदोर असतो. कार्प ढिगाऱ्यातले पेलेट तोंडाने ओढतो, त्यांच्याबरोबर आमिष आत जातं, मासा वळतो आणि फीडरच्या वजनानेच गळ ओठात रुततो. झटका द्यायची गरज नाही. नवशिक्यासाठी हा फार मोठा गुण आहे, कारण तरंड्यावर वेळ साधायला लागतात ते हंगाम इथे वाचतात.

खरं काम पेलेट भिजवण्यात आहे. २ मिलिमीटरचे मायक्रो पेलेट घ्यायचे. पुष्कळ तळ्यांवर तिथल्याच दुकानातले पेलेट वापरायची सक्ती असते, त्यामुळे घरून पिशवी भरून नेण्याआधी नियम वाचावेत. पसरट डब्यात पेलेट घालून वर बोटभर पाणी येईल इतकं तळ्याचंच पाणी ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि चाळणीत निथळायचं. मग झाकून अर्धा तास तसेच ठेवायचे, मध्ये एकदा हलक्या हाताने वरखाली करायचे. कांदेपोह्यांचे पोहे ज्याला नीट भिजवता येतात त्याला हे लगेच उमगेल. पाणी थोडं जास्त झालं तर लगदा, कमी झालं तर दाणा कोरडा, आणि मुरायला दिलेला वेळ पाण्याच्या मापाइतकाच महत्त्वाचा.

बरोबर झालेत की नाही हे मुठीत कळतं. मूठभर पेलेट घट्ट दाबून मूठ उघडली की गोळा टिकला पाहिजे, आणि अंगठ्याने कड चोळली की दाणा न् दाणा सुटा झाला पाहिजे. अंगठ्याला चिकट लगदा लागला तर पाणी जास्त झालं. त्यात थोडे कोरडे पेलेट मिसळून दहा मिनिटं थांबायचं. गोळाच होत नसेल तर फवाऱ्याने पाणी मारायचं, डब्यात ओतायचं नाही. शेवटची परीक्षा काठावर. भरलेला फीडर पायाशी गुडघाभर पाण्यात सोडून बघावा. तळाला टेकेपर्यंत गोळा शाबूत राहायला हवा आणि एक-दोन मिनिटांत सुटायला लागायला हवा. वाटेतच सुटला तर पेलेट उतरताना इकडेतिकडे उधळतात आणि मासे तळ सोडून वर येतात. पाच मिनिटांनी फीडर परत ओढल्यावरही गोळा तसाच चिकटलेला असेल तर ती पाच मिनिटं फुकट गेली.

उन्हाळ्यात दुपारपर्यंत डब्यातला वरचा थर वाळतो, म्हणून ओलं फडकं झाकून ठेवावं. सकाळी छान चाललेला फीडर दुपारी एकाएकी बंद पडला तर माशांना दोष देण्याआधी डब्यात हात घालून बघा. किती न्यायचे? लहान फीडरमध्ये एका खेपेला साधारण २० ग्रॅम ओले पेलेट बसतात. पाच मिनिटांना एक फेक धरली तर पाच तासांत ६० फेकी, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास ओला माल. एक किलो कोरडे पेलेट त्याला पुरून उरतात.

साचा वापरायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकला की आमिष हरवतं. साचा तळहातावर धरून आधी आमिष त्याच्या मधोमध ठेवायचं, गळदोर बाजूने बाहेर काढायचा. वर पेलेट भरून अंगठ्याने सपाट करायचे, फीडर पट्ट्या खाली करून दाबायचा आणि मागचं बटण दाबून सोडवायचा. मोदकाच्या साच्यातून निघावा तसा गुळगुळीत घुमट निघाला पाहिजे, आणि आमिष त्याच्या माथ्यावर दिसलं पाहिजे. लहान मासे सतत टोचत असतील तर साच्यात आधी पातळ थर पेलेट, मग आमिष, म्हणजे ते थोडं आत दडतं. एका कंपनीचा साचा दुसरीच्या फीडरला सहसा बसत नाही. कडेला फट राहते आणि फेकताना अर्धे पेलेट हवेतच गळतात. म्हणून दोन्ही एकत्रच घ्यावेत.

दोर ६ ते ८ पौंडांचा साधा मोनो (एकपदरी नायलॉन), गळदोर ०.१७ ते ०.१९ मिलिमीटर, गळ १४ किंवा १६ नंबरचा आणि बिनकाट्याचा. काट्याचा गळ या तळ्यांवर बहुतेक ठिकाणी चालत नाही. आमिष गळात खुपसायचं नाही. गळामागच्या केसासारख्या धाग्यावर रबरी बँडमध्ये ६ मिलिमीटरचा कडक पेलेट किंवा ६ ते ८ मिलिमीटरचा वॉफ्टर (अर्धवट तरंगणारं आमिष) अडकवायचा. वॉफ्टरचं वजन गळाच्या वजनाशी तोललेलं असतं, त्यामुळे कार्पने ओढताच तो गळासकट हलकेच उचलला जातो. पहिली पसंती त्यालाच द्यावी.

फेक प्रत्येक वेळी एकाच जागी पडणं हा या फीडरचा आत्मा आहे. अंतर ठरलं की दोर रीळच्या क्लिपमध्ये अडकवायचा. फीडर उडताना रॉड उभा ठेवायचा आणि क्लिपला दोर लागायच्या क्षणी तो पुढे झुकवून धक्का जिरवायचा. हे केलं नाही तर फीडर आपटतो, पेलेट झडतात, कधी दोरही तुटतो. समोर बेट असेल तर त्याच्या उतारावर दोन-तीन फूट पाण्यात टाकावा. बेट ३५ मीटरवर असेल तर १३ किंवा १६ मीटरचा पोल तिथे पोचतच नाही, आणि चिठ्ठीत वाईट पेग आला तरी सामना हातात राहतो तो याच पोचेमुळे. उघड्या पाण्यात मोठा मासा लांब धावू शकतो. तिथे तो लागताच दोर क्लिपमधून सोडवायची सवय लावून घ्यावी.

वेळ घड्याळ लावून मोजावा, अंदाजाने नाही. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटं, थंडीत दहा ते वीस. पाणी ८ अंशांखाली गेलं की कार्प फारसं खात नाहीत आणि प्रत्येक फेकीगणिक टाकलेले पेलेट त्यांच्यासमोर न खाल्लेलेच साचतात. तेव्हा सर्वांत लहान फीडर वापरावा आणि घाई करू नये. रॉडचं टोक गोल वळून वळलेलंच राहिलं तर मासा लागला, रॉड नुसता उचलायचा. टोक थरथरून परत जागेवर आलं तर तो दोराला घासून गेलेला मासा, हात लावायचा नाही. तिथे रॉड उचलला की गळ पोटाला नाहीतर कल्ल्याला लागतो. मासा विनाकारण जखमी होतो, आणि दहा मिनिटांची झुंज बहुधा गळ सुटून संपते. अशा खोट्या सूचना सतत येत असतील तर मासे तळावर नाहीत. रॉडचं टोक पाण्यालगत आणा, दोर बुडवा. तरीही थांबलं नाही तर फीडर बाजूला ठेवून पेलेट वॅगलर (वरच्या पाण्यात आमिष धरणारा तरंडा) काढलेला बरा.

शेवटच्या तासात फीडर मागे पडतो. सूर्य कलतो, काठावरची ये-जा थांबते आणि मोठे कार्प पायाशी, दोन-तीन फूट पाण्यात येतात. तिथे पोलवाला कपभर खाऊ अलगद उतरवतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी मासा काढू शकतो. फीडरने काठावर तसा वेग येत नाही, शिवाय त्याच्या धपकन पडण्याने मासे बिचकतात. यावर स्वस्त उपाय म्हणजे काठापुरता चार-पाच मीटरचा मजबूत मार्जिन पोल. आमिषाला भिजवलेल्या पेलेटचं पीठ मळून केलेली पेस्ट उत्तम. गावाकडे सायप्रिनसला लावतात त्या कणकेच्या गोळ्याचीच ही बहीण, फक्त जास्त मऊ.

फीडर घेताना एक तपासणी दुकानातच करा. मुख्य दोर तुटला असं समजून फीडरचं शेपूट ओढा. तो दोरावरून मोकळा सरकून निघून आला पाहिजे. पक्का अडकलेला फीडर घेऊन तुटलेल्या दोराचा मासा झाडीत अडकला तर तो तिथेच मरतो, म्हणूनच जवळजवळ सगळी तळी असा फीडर बाद करतात. प्रेस्टन कंपनीची आयसीएस आणि गुरू कंपनीची एक्स-सेफ या दोन्ही जोडण्या हे लक्षात ठेवून केलेल्या आहेत. पण शेपटाचं रबर कोरडं असताना जोरात ठासलं तर चांगली जोडणीही जाम होते. बसवताना ते थुंकीने किंवा पाण्याने ओलं करावं.

जाळ्यांचा हिशेबही फीडरवाल्याने ठेवायला हवा, कारण यावर मासे एकामागून एक येऊ शकतात. एका जाळ्यात ठरावीक वजनच चालतं. अनेक ठिकाणी ते ५० पौंड, म्हणजे साधारण २२.७ किलो असतं. त्यावरचं वजन धरतच नाहीत. प्रत्येक माशाचं अंदाजी वजन कागदावर लिहीत जावं आणि ४० पौंडांनाच दुसरं जाळं सुरू करावं. अंदाज नेहमी कमीच निघतो, आणि दाटीवाटीने माशांचेही हाल होतात. कार्प आणि चंदेरी मासे (रोच, ब्रीम यांसारखे) वेगळ्या जाळ्यांत ठेवायचा नियम असतो, तोही पाळावा.

खरेदीत लहान आकाराचे २० आणि ३० ग्रॅम वजनाचे प्रत्येकी दोन फीडर आणि एक साचा एवढं बस. मोठा आकार मे ते सप्टेंबर, मासे जोमाने खात असताना कामाचा, एरवी तो फक्त जास्त खाऊ ओततो. वाटीसारख्या हायब्रिड फीडरला साचा लागत नाही आणि खोल पाण्यात तो पेलेट जास्त चांगले सांभाळतो. तुमचं नेहमीचं तळं आठ फुटांहून खोल असेल तर त्याच्याकडेच वळा. उथळ, बेटांच्या तळ्यांवर मात्र फ्लॅट मेथडच घ्यावा. दहापैकी आठ गुण. कापलेले दोन त्या शेवटच्या तासाचे.