हॅरी पॉटर भाग ७ : मेलेल्या साइड कॅरेक्टर्ससाठी परत वाचला

आधीच सांगते, खाली स्पॉइलरच स्पॉइलर आहेत.

माझं मत असं की मेलेलं छोटं कॅरेक्टर कोणी त्याच्या आठवणीने रडलं म्हणून गोष्टीत राहत नाही, त्याच्यामुळे जिवंत माणसं वेगळी वागायला लागली तरच ते पाठ सोडत नाही. आणि यात रेग्युलस ब्लॅकला तोड नाही. हा मुलगा हॅरी शाळेत जायच्या कितीतरी वर्षं आधीच गेलाय. पाचव्या भागात (२००३) सख्खा भाऊ सिरियस (हॅरीचा गॉडफादर) त्याच्याबद्दल बोलतो ते पण तुच्छतेने, की खलनायक व्होल्डेमॉर्टकडे गेला, मग घाबरून मागे फिरायला बघत होता म्हणून मारला गेला. त्याच भागात सिरियसचं घर साफ करताना एक जड लॉकेट निघतं, कोणालाच उघडत नाही, विषय तिथेच संपतो. सहाव्यात (२००५) व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा असलेल्या लॉकेटच्या जागी ठेवलेल्या नकली लॉकेटमधली आर. ए. बी. अशी सही असलेली चिठ्ठी आणि मग सातव्यात (२००७) ब्लॅक घराण्याचा नोकर एल्फ क्रीचर बोलायला लागतो तेव्हा कळतं की खरं लॉकेट लपवलेल्या गुहेतलं जीवघेणं पोशन रेग्युलस स्वतः प्यायला, क्रीचरला लॉकेट देऊन घरी पाठवलं आणि रेग्युलसला तळ्यातल्या प्रेतांनी खाली ओढून नेलं. सिरियस यातलं काहीही न कळता मेला, आणि ते लॉकेट त्याच्याच घरात होतं! मला हे अजून सहन होत नाही.

पुढे हॅरी ते नकली लॉकेट क्रीचरला देतो आणि कायम शिव्या पुटपुटणारा क्रीचर पार बदलतो, स्वयंपाकघर लख्ख करतो, शेवटच्या लढाईत रेग्युलसचं नाव घेत बाकीच्या एल्फना घेऊन उतरतो. मेलेल्या माणसाने याहून जास्त काय करायचं असतं?

अरियाना, म्हणजे हॅरीच्या शाळेचा हेडमास्तर डंबलडोरची बहीण, पण जमलीये. भांडणात तिला लागलेला जीवघेणा मंत्र डंबलडोर, त्याचा भाऊ आणि मित्र या तिघांपैकी कोणाचा हे कोणालाच माहीत नाही, आणि ते वाचल्यावर सहाव्या भागात डंबलडोर गुहेतलं तेच पोशन पिताना ज्या गयावया करतो त्याचा अर्थ लागतो. हॅरीच्या बाजूने लढताना मेलेल्या मूडीचा जादूचा डोळा मंत्रालयातल्या दुष्ट अंब्रिजच्या दारावर बसवलेला बघून हॅरी तो काढून घेतो, नंतर झाडाखाली पुरतो, तेवढंच, पण पुरेसं आहे.

हॅरीच्या बाजूने लढणाऱ्या टॉंक्सवर मात्र सरळ अन्याय झालाय. ती पडद्यामागे मरते, नंतर हॉलमध्ये नुसतं प्रेत दिसतं. हॅरीचा शाळेतला चाहता कॉलिन क्रीव्हीला तर उचलून आणतात आणि गोष्ट पुढे सरकते. चौथ्या भागात हॅरीसमोर मारल्या गेलेल्या सेड्रिकमुळे पाचव्या भागात हॅरीला झोप लागत नव्हती, पण सातव्यापर्यंत त्याचं असं काहीच उरत नाही जे कोणाला काही करायला भाग पाडेल, त्याचे आईवडील तर गायबच.

पाचपैकी चार. परत वाचणार असाल तर पाचव्या भागापासून सुरू करा, लॉकेट हातातून जातं ती ओळ सोडू नका.